बोनेटखालची काळी भुकटी

गेल्या वर्षी मार्चमध्ये रत्नागिरीला मावशीकडे जाताना मी आणि आई मलकापूरला चहासाठी थांबलो. घाट लागण्यापूर्वी बोनेट उघडून एकदा पाहून घ्यायचे, ही अण्णांनी लावलेली सवय अजून सुटलेली नाही, म्हणून आईचा चहा संपेपर्यंत मी बोनेट उघडले. पाणी ठीक होते, ऑइल ठीक होते. बोनेट मिटताना त्याच्या आतल्या बाजूला हात लागला आणि चारही बोटे काळी झाली. तो काळेपणा तेलकट नव्हता. कोरडी, मऊ, काजळीपेक्षा जड अशी ती भुकटी होती, आणि बोटांत चोळली की खोडरबराने वही खोडल्यावर उरतात तशा तिच्या बारीक वळ्या होत होत्या. मी रुमालाला हात पुसले आणि गाडी सुरू केली. सुरू होताक्षणी ती किंचाळली, दहा-पंधरा सेकंद किंचाळत राहिली आणि मग आपोआप शांत झाली. "अण्णांच्या वेळी ही अशी ओरडत नव्हती," आई म्हणाली. मी काहीच बोलले नाही.

दोन दिवसांनी परतताना साखरप्याहून आंबा घाट चढत होतो. दिवेलागण झाली होती, म्हणून मी हेडलाइट लावले, आणि दोन वळणे झाल्यावर बोनेटखाली काहीतरी फटकन आपटल्याचा आवाज झाला. समोरचा लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटा हळूहळू वर सरकू लागला. पंख्याचा पट्टा, म्हणजे फॅनबेल्ट, तुटला होता. डिकीत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला जादा पट्टा होता, पाने होते, आणि आईने टॉर्च धरला. पाऊण तासात आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो. त्या पाऊण तासाबद्दल माझी तक्रार नाही. मला खुपत राहिली ती दुसरी गोष्ट. सात महिन्यांत तुटलेला हा तिसरा पट्टा होता, आणि आधीचे दोन मी नीट न पाहताच भंगारात टाकले होते.

गाडी १९६८ची अॅम्बेसेडर, मार्क टू. अण्णांनी ती १९७९ साली दुसऱ्या हाताने घेतली तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता. १४८९ सीसीचे ते इंजिन, ओव्हरहेड व्हॉल्व्हचे, मूळचे इंग्लंडच्या बीएमसी या मोटार कंपनीचे. त्याच्या बाजूला वरच्या दोन बोल्टांवर पाळण्यासारखा टांगलेला, गाडीची वीज तयार करणारा लांबट काळा डायनामो आणि खालून त्याला धरणारी चिरेची पट्टी, हे चित्र माझ्या लहानपणात कुठल्याही देव्हाऱ्याइतके पक्के बसलेले आहे. रविवारी सकाळी अण्णा पट्ट्याच्या सगळ्यांत लांब बाजूवर मधोमध अंगठा दाबून पाहत. अर्धा इंच दबला की समाधानाने मान हलवत, जास्त दबला तर चिरेच्या पट्टीचा नट सैल करून डायनामो जरासा बाहेर ओढत. मीही माझा इवलासा अंगठा दाबून पाहत असे, पण माझ्याने तो पट्टा कधी पाव इंचही दबला नाही. एक पट्टा चार-पाच वर्षे सहज टिकत असे, आणि बदलला जाई तोही तुटला म्हणून नव्हे, तर त्याच्या पोटाला भेगा दिसू लागल्या म्हणून.

डायनामो काढण्याचा निर्णय माझा होता. अण्णा गेल्यानंतर गाडी वर्षभर उभी राहिली. ती पुन्हा रस्त्यावर आणायची तर रात्रीच्या प्रवासाची भीती मला घालवायची होती. डायनामो भरधाव चालीत जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, आणि इंजिन नुसते धडधडत उभे असताना जवळजवळ काहीच देत नाही. सिग्नलला थांबले की लाल दिवा लुकलुकतो, हेडलाइट पिवळे पडतात, पावसात वायपर सुरू केला की तो दमल्यासारखा फिरतो. ज्यांनी पावसाळ्यात गगनबावड्याहून रात्री अशी गाडी उतरवली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. ओळखीच्या एका गॅरेजमध्ये डायनामो आणि त्याला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा कटआऊट काढून डायनामोचेच काम करणारा ४५ अँपिअरचा अल्टरनेटर बसवला गेला, बॅटरीकडे जाणारी वायर जाड झाली, हॅलोजनचे दिवे आले. पहिल्या रात्री अंगणातल्या पारिजातकावर तो पांढरा झोत पडला तेव्हा मला आनंद झाला, आणि त्याच वेळी अण्णांच्या हाताखालची एक वस्तू मी घराबाहेर काढली, असेही वाटत राहिले. डायनामो मी विकला नाही. गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवला.

महिनाभरातच सकाळची किंचाळी सुरू झाली.

गॅरेजमध्ये दर वेळी एकच उपाय होई, पट्टा आणखी ताणणे. आठ-दहा दिवस आवाज बंद होई आणि पुन्हा सुरू होई. एकदा तिथल्या मुलाने साबणाची वडी फिरत्या पट्ट्याच्या कडेला धरली आणि आवाज जादू केल्यासारखा थांबला. मला त्या क्षणी बरे वाटले, हे कबूल करते. आजोळी शेजारच्या पिठाच्या गिरणीत रुंद सपाट पट्टा घसरू लागला की गिरणीवाले त्याला राळ लावत, ते मला तेव्हा आठवले आणि हा त्यातलाच जुना शहाणपणाचा उपाय असावा, असे मी धरून चालले. पण राळ पकड वाढवते आणि साबण फक्त कुरकुर बुजवतो. शिवाय गिरणीचा सपाट पट्टा पोटाने पकडतो, आणि फॅनबेल्ट पकडतो तो दोन्ही कुशींनी. पाचरीसारखा तो पुलीच्या खोबणीत रुततो आणि त्या रुतण्यातूनच सगळी ओढ जाते. हा फरक तेव्हाच कळला असता, तर पुढचे पुष्कळ टळले असते. ताणत राहण्याचा परिणाम पट्ट्यापुरता राहिला नाही. चौथ्या महिन्यात वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब-थेंब पाणी गळू लागले. तो पट्टा क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा), पंखा-पंप आणि अल्टरनेटर या तिघांना एकत्र बांधतो. त्याला सतारीच्या तारेसारखे ताणले की पंपाचे बेअरिंग आणि अल्टरनेटरचे पुढचे बेअरिंग ती ओढ रात्रंदिवस सोसत राहतात. नवा पंप बसला, आणि त्याच्यावर पट्टा पुन्हा तितकाच ताणला गेला.

आंबा घाटातून आल्यावर तुटलेला तिसरा पट्टा मी टाकला नाही. तो घेऊन शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्या काकांकडे गेले. कोल्हापुरात गाडीचे कुठलेही दुखणे शेवटी उद्यमनगरात जाते. त्या गल्ल्यांत शिरले की ओतीव लोखंडाच्या किसाचा आणि कूलंटच्या दुधट पाण्याचा जो मिसळलेला वास येतो, त्याने मला नेहमीच धीर येतो. इथे कोणीतरी मोजून बघेल, असे वाटते. काकांनी गाडीचे नाव विचारले नाही, काय झाले तेही विचारले नाही. पट्टा हातात घेतला, उलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला आणि एका बाजूवरून नख फिरवले. "ह्यो एकाच अंगानं खाल्लाय बघा, ताई," ते म्हणाले. मी पाहिले. एक कूस कापडापर्यंत झिजून तिचे धागे मोकळे झाले होते. दुसरी कूस आरशासारखी चकचकीत होती. पोटाला आडव्या भेगा होत्या, आणि पोटाचा मधला भागही घासून गुळगुळीत झालेला होता. एकाच पट्ट्यावर चार खुणा होत्या आणि त्या चारही वेगवेगळ्या कारणांच्या होत्या, हे मला पुढच्या दोन तासांत समजले.

चकचकीत कूस म्हणजे घसरणे. पट्टा घसरतो, तापतो, त्याचे रबर भाजून कडक होते आणि कडक झालेले रबर आणखी घसरते. सकाळी ती ओरड थोडाच वेळ का टिकत होती, त्याचे उत्तर यातच होते. स्टार्टरने बॅटरीतून मोठा घोट घेतलेला असतो, त्यामुळे इंजिन सुरू होताच अल्टरनेटर ती भरपाई करण्यासाठी पूर्ण जोर लावतो. बॅटरी सावरली की मागणी उतरते आणि पट्ट्याची सुटका होते. घाटात मी हेडलाइट लावले तेव्हा तीच मागणी परत आली, आणि या वेळी ती उतरणारी नव्हती. ४५ अँपिअर आणि १४ व्होल्ट म्हणजे ६३० वॅट. पण पट्ट्याने दिलेल्या शक्तीपैकी निम्म्याहून थोडीच अधिक शक्ती विजेत उतरते, बाकीची उष्णतेत जाते. म्हणजे पूर्ण भारावर पट्ट्याला एक किलोवॉटहून अधिक, जवळपास दीड अश्वशक्ती, वाहून न्यावी लागते. डायनामोच्या काळात त्याच्याकडून याच्या निम्मेच काम मागितले जात होते. शिवाय अल्टरनेटरची पुली लहान असते. लहान पुलीमुळे तो जास्त वेगाने फिरतो आणि म्हणूनच सिग्नललाही वीज देतो. डायनामोचा फिरणारा भाग इतका वेग सोसत नाही, म्हणून त्याची पुली मोठी ठेवलेली असते. पण लहान पुलीवर पट्ट्याची मिठी आखूड पडते आणि त्याला प्रत्येक फेरीत अधिक कडक वाकावे लागते. पोटाच्या त्या आडव्या भेगा या वाकण्याच्या आणि तापण्याच्या होत्या.

पोट गुळगुळीत होण्याचे कारण मला सगळ्यांत जास्त लागले, कारण ते केवळ डोळ्यांनी दिसण्यासारखे होते. आमच्या गाडीच्या क्रँक पुलीची खोबण जुन्या रुंद पट्ट्याची आहे. अल्टरनेटरबरोबर आलेल्या पुलीची खोबण अरुंद होती. गॅरेजने अल्टरनेटरच्या मापाचा अरुंद पट्टा आणला, आणि तो क्रँकच्या रुंद खोबणीत खोल जाऊन तळाला टेकत होता. तळाला टेकलेली पाचर रुतत नाही, नुसती घासते. मग कितीही ताणा, कुशींची पकड येणार नाही. काकांनी मला क्रँक पुलीच्या तळात बोट घालायला लावले. तळ चकाकत होता, आणि खोबणीच्या दोन्ही भिंतींवर वर्षभराच्या उभ्या गाडीचा गंज तसाच होता, पॉलिश पेपरसारखा खरखरीत. माझ्या बोटांना मलकापूरला लागलेली भुकटी इथून निघत होती.

उरली ती एकाच अंगाची झीज. गॅरेजने पुल्या एका रेषेत आहेत की नाहीत ते पाहिले नव्हते, असे मी म्हणणार नाही. माझ्या समोरच त्यांनी स्टीलची पट्टी लावून पाहिली होती आणि ती तिन्ही पुल्यांना नीट टेकली होती. काकांनीही तीच पट्टी लावली, ती तशीच टेकली, आणि ते गप्प बसले. मग त्यांनी व्हर्नियर घेऊन पुल्यांच्या कडांची जाडी मोजली. क्रँक पुलीची कड जाड होती, अल्टरनेटरच्या पुलीची पातळ. कडा एका रेषेत आणल्या होत्या, म्हणूनच खोबणी एका रेषेत नव्हत्या! पट्टा कडेवरून धावत नाही, खोबणीतून धावतो. तेव्हा मोजायचे ते खोबणीच्या मध्यापासून. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जी मी कधीच विसरणार नाही. त्यांनी आधी पट्टा पुरेसा ताणायला सांगितला, सगळे नट आवळायला सांगितले आणि मगच माप घेतले. डायनामो लांब असतो, त्यामुळे त्याचा मागचा कान इंजिनवरच्या ब्रॅकेटपर्यंत सरळ पोचतो. अल्टरनेटर आखूड आणि जाडा. त्याच्या मागच्या कानात आणि ब्रॅकेटमध्ये फट राहिली होती, ती चार वायसर घालून भरलेली होती आणि तरीही थोडी उरलेली होती. सैल असताना सगळे सरळ दिसे. पट्टा ताणला की अल्टरनेटर पुढच्या बाजूने आत झुके. खोबणीतला फरक पाच मिलिमीटर निघाला. क्रँकपासून अल्टरनेटर साधारण फूटभर अंतरावर आहे. असा पट्टा अर्ध्या अंशापर्यंतचा तिरपेपणा सोसतो, आणि फूटभर अंतरात अर्धा अंश म्हणजे जेमतेम अडीच मिलिमीटर. आम्ही त्याला दुप्पट तिरपे पळवत होतो, आणि जितके जास्त ताणत होतो तितके ते वाकडे होत होते.

सात महिने आम्ही जो उपाय करत होतो, तोच आजार वाढवत होता.

तिथे एका स्टुलावर बसून मी तो तुटका पट्टा मांडीवर ठेवला होता आणि मला आधीच्या दोन पट्ट्यांची आठवण येत होती. त्यांच्याही कुशी अशाच असणार. पहिला तुटला तेव्हा मी पट्ट्याच्या कंपनीला बोल लावला, दुसऱ्या वेळी उकाड्याला. एखादी वस्तू तुटली की तुटलेली वस्तूच दोषी, ही समजूत इतकी सोयीची असते की ती तपासावीशी वाटत नाही. मला गॅरेजमधल्या मुलांचाही राग आला नाही, आणि आजही येत नाही. त्यांनी ज्या गाड्यांवर हात बसवला आहे त्यांत असा जोड लावावाच लागत नाही. तिथे अल्टरनेटर, ब्रॅकेट, पुली आणि पट्टा एकमेकांसाठीच जन्माला आलेले असतात. आमच्या गाडीत दोन काळ एका पट्ट्याने बांधले होते आणि त्यांचे माप जुळवण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. तो मला पडायला हवा होता, कारण अंगठा दाबून पाहायला मला शिकवले होते.

काकांनी विचारले, जुना डायनामो आहे का. मी घरी जाऊन माळ्यावरून गोणपाट उतरवले. आई खालून शिडी धरून उभी होती. तिने गाठ सोडली, डायनामोच्या पोटावरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाली, "परत बसवायचा आहे का?" तिच्या आवाजातली आशा मला स्पष्ट ऐकू आली, आणि नाही म्हणताना मला अपराधी वाटले. काकांना हवी होती ती फक्त त्याची पुली, नमुना म्हणून. तिच्या खोबणीचे माप आणि कोन घेऊन त्यांनी ओतीव लोखंडाच्या तुकड्यातून अल्टरनेटरसाठी नवी पुली कातली. व्यास डायनामोच्या पुलीपेक्षा थोडा लहान, आधीच्या अल्टरनेटर पुलीपेक्षा बराच मोठा. लहान पुलीवर वाकताना पट्ट्याचे पोट फुगते, म्हणून लहान पुलीच्या भिंतींचा कोन थोडा कमी, ३४ अंशांच्या आसपास ठेवतात आणि मोठ्या पुलीचा ३८, हे त्यांनी काततानाच सांगितले. त्यांच्या लेखी ती माहिती नव्हती, हाताची सवय होती. लेथवर पुली फिरत होती, किसाची करडी भुकटी खाली पडत होती, आणि बाजूच्या पत्र्यावर अण्णांच्या डायनामोची पुली शांत पडून होती.

बाकीचे काम साधे होते, पण त्यातले काहीच टाळले नाही. चार वायसरांच्या जागी एकच लोखंडी बुश आला, मोजून कातलेला, त्यामुळे मागचा कान ब्रॅकेटला पूर्ण टेकला. क्रँक पुलीच्या भिंती पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्या. पट्टा जुन्या रुंद मापाचा आणला. ताणून, नट आवळून, खोबणीच्या मध्यापासून पुन्हा माप घेतले. फरक अर्धा मिलिमीटर. इंजिन वीस मिनिटे हेडलाइट लावून चालू ठेवले, मग बंद करून पट्टा पुन्हा पाहिला, कारण नवा पट्टा पहिल्या काही मिनिटांतच खोबणीत बसतो आणि थोडा सैल होतो. काकांनी मला पुढे बोलावले. मी लांब बाजूवर मधोमध अंगठा दाबला. अर्धा इंच. आता तो माझ्या अंगठ्यानेही दबतो.

मोठ्या पुलीमुळे सिग्नलला दिवे पूर्वीपेक्षा किंचित मंद होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. डायनामोइतके नाही, पण जाणवण्याइतके नक्की. मला ते चालते. डायनामो पुन्हा पुलीसकट गोणपाटात गेला, मात्र या वेळी आईने तो माळ्यावर चढवू दिला नाही. तो आता जिन्याखाली आहे.

या मार्चमध्ये आम्ही पुन्हा रत्नागिरीला गेलो. पट्ट्याला तेव्हा एक वर्ष होत आले होते आणि साडेचार हजार किलोमीटर झाले होते. परतताना साखरप्याहून तोच घाट, तीच वेळ. हेडलाइट लावताना माझा हात बटणावर क्षणभर थांबला आणि आईने ते पाहिले. वर पोचल्यावर मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केले आणि बोनेट उघडले. गरम पाण्याचा, ऑइलचा वास आला. जळक्या रबराचा आला नाही. पट्ट्याच्या दोन्ही कुशी टॉर्चच्या उजेडात सारख्याच मंद काळ्या दिसत होत्या. मग मी बोनेटच्या आतल्या बाजूवरून, गेल्या वर्षी जिथे हात लागला होता नेमके तिथेच, चारही बोटे फिरवली. आईने टॉर्च जवळ आणला. बोटांवर कोकणातल्या जांभ्याची बारीक लाल धूळ होती.